बातमीत पोलीस ठाण्याचं नाव छापा, एरिया आम्ही ठरवू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या शनिवारच्या तुमच्या घरांच्या पुरवणीत 'सुरक्षित परिसर कसा निवडाल' असा अर्ध्या पानाचा लेख होता, तो मी पेन्सिल घेऊन वाचला कारण आमच्याकडे सध्या हाच विषय चालू आहे, दुसरं बोलणंच नाही. शाळा जवळ हवी, हॉस्पिटल जवळ हवं, मॉल दहा मिनिटांवर हवा, गेटला सीसीटीव्ही हवेत आणि 'सुसंस्कृत शेजार' हवा. बरं. त्याच लेखाच्या खाली घोडबंदर रोडच्या एका टॉवरची जाहिरात, तिच्यातही जवळजवळ शब्दाला शब्द तेच, वर फक्त स्विमिंग पूलचा मोठा फोटो, त्यामुळे लेख कुठे संपला आणि जाहिरात कुठे चालू झाली ते मला चष्मा लावूनही कळेना. शाळा आणि मॉलचं अंतर मोबाईल सांगतो हो, त्यासाठी पेपर कशाला लागतो. रात्री साडेदहाला बाई स्टेशनवरून एकटी घरी जाऊ शकते का, गेल्या पावसाळ्यापासून त्या रस्त्यावर किती घरं फुटली, हे कोण सांगणार?

गंमत म्हणजे त्याच अंकात आतल्या पानावर बातमी होती, ठाण्यात वृद्धेचं मंगळसूत्र हिसकावलं. ठाण्यात म्हणजे कुठे? कोपरीला, की गायमुखला, की वागळे इस्टेटला? २०११ च्या जनगणनेतच ठाणे महापालिकेची लोकसंख्या अठरा लाखांच्या वर होती, आता किती झाली असेल विचार करा, आणि तुम्ही एका शब्दात सगळ्यांना धसका देता. पत्र लिहायचं कारण हेच, बाकी मी लिहिणारी बाई नाही, पतपेढीत नोकरी करते आणि कळव्यातल्या खारेगावला राहते.

तर झालंय असं की माझ्या बहिणीचा मुलगा आणि त्याची बायको, दोघं चरईत भाड्याने राहतात, आता स्वतःचं घर घ्यायचं ठरवलंय, बजेट पन्नास-पंचावन्न लाखांच्या आत, म्हणजे ठाण्याच्या मधल्या भागात काही मिळणार नाही हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं. भाचेसून नर्स आहे, सेकंड शिफ्ट संपवून निघायला रात्रीचे साडेनऊ-दहा होतात, त्यामुळे तिचा प्रश्न साधा होता, मावशी मला घरी यायला भीती वाटणार नाही असा एरिया सांगा. तो साधा प्रश्न घरात टाकला आणि बघा मग, प्रत्येकाला मत. दिवा? छे. मुंब्रा? नावही काढू नका. कळवा? (हे माझ्यासमोर, माझ्या घरात बसून, माझ्या हातचे पोहे खाताना.) घणसोली गावठाण आहे सगळं. तळोजाला वास येतो. कामोठे चालेल पण लांब. खारघर एकदम मस्त. घोडबंदर म्हणजे तर काय, हाय-फाय. मी एकेकाला विचारलं की तुम्ही तिथे रात्री कधी गेलाय का, तर कोणीच नाही. एकाच्या साडूने सांगितलं होतं, एकीने फेसबुकवर वाचलं होतं, एका काकांचं मत १९९५ सालचं होतं आणि ते अजून त्याच सालात आहेत.

मला कळवेकर म्हणून हे चांगलं ठाऊक आहे. ठाण्यात खाडीच्या अलीकडचं आणि पलीकडचं असा एक हिशोब आहे जो कोणी उघड बोलत नाही. नौपाडा-पाचपाखाडीचा माणूस खाडी ओलांडून आला की चेहरा असा करतो जणू पासपोर्ट लागणार आहे. आणि हे नाव चिकटलं की सुटत नाही. घोडबंदर रोड जो आज हाय-फाय आहे, तिथे आमच्या सासूबाईंच्या काळात संध्याकाळनंतर जायला माणूस कचरायचा, एका बाजूला येऊरचं जंगल आणि दुसऱ्या बाजूला शेतं, कारखाने, खाडी. लोकमान्यनगर, सावरकरनगर म्हटलं की लोक भुवया उंचावायचे, आज तिथेच माझ्या ऑफिसमधल्या दोघीजणी राहतात आणि निवांत आहेत. वस्ती बदलते, नाव मागे राहतं.

मुंब्र्याचं तर विचारूच नका. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली हजारो मुसलमान कुटुंबं जीव मुठीत धरून तिकडे आली, जागा स्वस्त होती, गाडीची सोय होती, आणि लोक येतायत म्हटल्यावर मिळेल त्या जमिनीवर बिल्डिंगी उठल्या, परवानगी आहे की नाही कोण बघतो. आज तिथे धोका नाही असं मी म्हणणार नाही, पण तो कसला ते बघा ना. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळच्या शीळफाट्याला ती बेकायदा इमारत पडली, ७४ माणसं गेली, पाया-खांब कशाचे होते देव जाणे, आणि वर आणखी मजला चढवणं चालूच होतं. तिथल्या माणसाला खरी भीती होती ती डोक्यावरच्या स्लॅबची. पण तुम्ही ब्रोकरला मुंब्र्याबद्दल विचारा, तो स्लॅबबद्दल एक अक्षर बोलणार नाही, आवाज खाली आणून म्हणेल ताई तिकडे आपले लोक नाहीत. आपले लोक! नौपाड्यात तर सगळे आपलेच ना? तिथे बी केबिनला ४ ऑगस्ट २०१५ च्या मध्यरात्री जुनी इमारत कोसळली, १२ जण गेले. ठाण्यात त्याहून सुसंस्कृत शेजार तुमच्या पुरवणीला सापडणार नाही.

आणि हे आपले लोक प्रकरण उलटूनही येतं बरं का. घोडबंदरला एका सोसायटीत रीसेलचा फ्लॅट बघायला गेलो तेव्हा कमिटीच्या एका गृहस्थांनी भाच्याला पहिला प्रश्न विचारला, तुमच्याकडे मासे वगैरे होतात का. चिपळूणचा मुलगा तो, काय सांगणार. तर त्या सोसायटीच्या हिशोबात आम्हीच वाईट वस्ती झालो. एरिया चांगला की वाईट हे शंभरातल्या नव्वद वेळा तिथे कोण राहतं यावरून ठरतं, आणि चोरी, छेडछाड, अपघात, आग, पूर हे त्यातल्या कशालाही विचारून येत नाहीत.

मग म्हटलं आकडे बघू. इथे खरी पंचाईत आहे आणि तुम्ही पेपरवाल्यांनी हे लिहायला हवं होतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल येतो, त्याच्यावर तुमच्याकडे मोठ्या हेडलाईनी येतात, पण त्यातल्या महानगरांच्या यादीत महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि नागपूर एवढीच. ठाण्याचा आकडा मिळतो तो पोलीस आयुक्तालयाचा, आणि ठाणे आयुक्तालय म्हणजे ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर सगळं एकत्र. नवी मुंबईचंही तेच, दिघ्यापासून पनवेल-उरणपर्यंत एकच आयुक्तालय. बदलापूरला झालेल्या घरफोडीवरून घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीचा फ्लॅट घ्यायचा की नाही ते कसं ठरवणार? वॉर्डचा, निदान पोलीस ठाण्याचा आकडा सरळ समोर ठेवलेला कुठे दिसत नाही.

पण एक मार्ग आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१६ मध्ये सांगितलं की एफआयआर चोवीस तासांत वेबसाईटवर टाका, त्यामुळे महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिकांसाठीच्या पोर्टलवर जिल्हा किंवा आयुक्तालय, पोलीस ठाणं आणि तारखा टाकल्या की त्या ठाण्याचे प्रसिद्ध केलेले एफआयआर दिसतात. फुकट. मी आणि भाचेसूनने रविवारी दुपारी बसून कळवा, कासारवडवली, खारघर, कामोठे असं एकेक काढलं, कंटाळवाणं काम आहे, साईट मध्येच रुसते, पण चहा होता. कलमांचे नंबर नवे आहेत कारण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा आपली जुनी ३७९, ४२० पाठ असून उपयोग नाही. ३०३ म्हणजे चोरी, ३०४ म्हणजे हिसकावून नेणं, चेन स्नॅचिंग त्यात येतं, ३०५ आणि ३३१ दिसलं की घरफोडी समजायची, ३१८ म्हणजे फसवणूक, २८१ म्हणजे बेदरकार गाडी चालवणं. एवढं कागदावर लिहून ठेवलं की पुरतं.

आता वाचायचं कसं, तर नुसते मोजू नका. ज्या 'चांगल्या' एरियाचं सगळे कौतुक करतात तिथे फसवणुकीचे गुन्हे भरपूर दिसतील, ऑनलाईन ट्रेडिंग, पार्टटाईम जॉब, बिल्डरने पैसे घेऊन ताबा दिला नाही, कारण तिथे पैसेवाले राहतात. त्याने रस्त्यावर चालणाऱ्या बाईला काही होत नाही. स्टेशन आणि बाजार ज्या ठाण्याच्या हद्दीत आहे तिथे चोऱ्या जास्त असणारच, रोज लाखो माणसं येऊन जातात, त्यावरून मागच्या गल्लीतल्या घराची परीक्षा करायची नाही. आम्ही फक्त पत्ता बघत गेलो, घरफोडी दिवसा की रात्री, कोणत्या मजल्यावर, गाडी सोसायटीच्या आतून गेली की रस्त्यावरून, साखळी कुठे ओढली, देवळाच्या वाटेवर की सर्व्हिस रोडवर. एकच रस्ता दोन-तीनदा आला की भाचेसून त्याच्यावर लाल खूण करायची.

पण त्या यादीत काय नाही तेही सांगते, कारण मला वाटतं तेच जास्त महत्त्वाचं आहे. बलात्कार, पोक्सो (लहान मुलांवरचे लैंगिक अत्याचार) असे संवेदनशील गुन्हे साईटवर टाकत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, पण मग बाईला जे सगळ्यात आधी बघायचं असतं तेच तिथे दिसत नाही. रेल्वेतलं आणि प्लॅटफॉर्मवरचं सगळं लोहमार्ग पोलिसांकडे जातं, म्हणजे दारात उभ्या असलेल्याच्या हातावर काठी मारून मोबाईल पाडणारी ती फटका गँग ठाणे-कळवा-मुंब्रा पट्ट्यात कितीही वेळा येऊ दे, कळवा पोलीस ठाण्याचा कागद स्वच्छच. आणि मोबाईल खिशातून गेला म्हणून सांगायला गेलं की बऱ्याचदा 'गहाळ' असा दाखला हातात मिळतो, चोरी लिहिलीच जात नाही, ज्याचा गेलाय तोही म्हणतो जाऊ दे, सिमकार्डसाठी कागद मिळाला ना. तेव्हा ज्या पोलीस ठाण्यात गुन्हे कमी दिसतात तिथे चोर कमी आहेत की साहेबांची शाई कमी आहे हे साईट सांगत नाही. माझं तर उलट मत झालंय, बारीकसारीक चोरीही लिहून घेणारं पोलीस ठाणं मला जास्त विश्वासाचं वाटतं.

मग उरतं ते पायाने फिरणं. आणि ते संध्याकाळी सहाला ब्रोकरच्या गाडीतून नाही. सँपल फ्लॅट दाखवायची वेळ, मुलं खेळतायत, दिवे लागलेत, वॉचमन सलाम ठोकतो, त्या वेळी कोणताही एरिया चांगलाच दिसतो. भाचेसून तिच्या शिफ्टच्या वेळेला, स्टेशनवरून निघून, शेअर रिक्षा किंवा बसने, एकदा आठवड्यात आणि एकदा रविवारी असं बघायची, नवरा वीस पावलं मागे. तिचं निरीक्षण ऐकण्यासारखं आहे. खारघरचे रस्ते रुंद, झाडं, डोंगर, सगळं देखणं, पण स्टेशनपासून लांबच्या सेक्टरांत रात्री रस्त्यावर माणूसच नाही. टॉवरमध्ये निम्म्या खिडक्या काळ्या, कारण फ्लॅट घेऊन ठेवलेत, राहतं कोणी नाही, मेट्रो येणार म्हणून घेतले, एअरपोर्ट येणार म्हणून घेतले. मेट्रो आली हो, बेलापूर ते पेंधर, नोव्हेंबर २०२३ पासून चालू आहे, त्याने खूप फरक पडलाय, पण मेट्रो स्टेशनवरून खाली उतरल्यावरची पंधरा मिनिटं तुमचीच. उलट ज्या कोपरखैरणेला आमचे काका दाटीवाटी म्हणून नाकं मुरडतात, तिथे सिडकोच्या त्या छोट्या घरांच्या गल्ल्यांत रात्री अकरापर्यंत बायका पायरीवर बसलेल्या, पोरं सायकली फिरवतायत, कोपऱ्यावर वडापाववाला, इस्त्रीवाला. ती म्हणाली मावशी इथे मला कोणी त्रास दिला तर ओरडायला माणसं आहेत. यावर काकांकडे उत्तर नव्हतं, ते पार्किंगबद्दल बोलायला लागले. पार्किंग तिथे खरंच नाही, ते मान्य.

कोणाला विचारायचं याचंही सांगते. ज्याचा फ्लॅट आहे त्याला विचारू नका. मालक कधीही म्हणणार नाही की आमच्याकडे चोऱ्या होतात, त्याला उद्या विकायचा असतो. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत एकाच महिन्यात दोन घरं फुटली, तेव्हा कमिटीने ग्रुपवर मेसेज टाकला की कृपया बाहेर चर्चा करू नये, रेट पडेल. वाचून मी हसले पण राग पण आला. भाडेकरूला विचारा, त्याला लपवायचं काही नाही, अकरा महिन्यांनी निघून जायचंय. मेडिकलवाल्याला विचारा रात्री दुकान किती वाजता बंद करतोस आणि का. शाळेच्या रिक्षावाल्याला, सोसायटीत धुणंभांडी करायला येणाऱ्या बायकांना विचारा, कुठल्या वाटेने जायचं आणि कुठल्या नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं, कारण त्या रोज पायी जातात. वॉचमनला विचारण्यात अर्थ नाही, तो महिन्याला बदलतो. आणखी एक करा, नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर ई-सर्च आहे, त्यात त्या बिल्डिंगच्या खरेदी-विक्रीचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचे उतारे, दिसतात, नवी बिल्डिंग असून तीन-चार वर्षांत निम्मी घरं परत विकली गेली असतील तर थांबा आणि कारण शोधा. पाणी नसेल, वास असेल, बिल्डर कन्व्हेयन्स देत नसेल, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करत नसेल, काहीतरी असणार.

वासावरून आठवलं, तळोजा. 'अप्पर खारघर' नावाने जाहिराती येतात त्या बऱ्याचदा तळोज्याच्या असतात, जसं 'अप्पर ठाणे' म्हणजे कशेळीच्या पुलापलीकडे भिवंडी तालुका आणि नारपोली पोलीस ठाणं. बिल्डरने काहीही नाव ठेवावं, तुम्ही महापालिका कोणती आणि पोलीस ठाणं कोणतं एवढे दोन प्रश्न विचारा, ब्रोकर घोटभर पाणी पितो. तळोज्याला एमआयडीसी आहे, २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिथले कुत्रे निळे झाले होते, कारखान्याचा रंग कासाडी नदीत सोडला म्हणून, फोटो सगळीकडे फिरले होते, तुम्हीही छापले असतील. आज कुत्रे निळे नाहीत पण घर घ्यायच्या आधी तिथे एक रात्र खिडकी उघडी ठेवून झोपून बघावं असं माझं मत, रात्री वारा फिरला की कळतं.

चोर-बिर राहू दे बाजूला, रस्ता बघा. घोडबंदर रोडला सुरक्षित म्हणणाऱ्यांनी तो रस्ता पायी ओलांडून दाखवावा. जेएनपीटीकडून गुजरातला जाणारे कंटेनर त्याच रस्त्याने, मेट्रो ४ चं काम वर्षानुवर्षं त्याच रस्त्यावर, पावसाळ्यात खड्डे, गायमुखच्या घाटात एक ट्रक बंद पडला की सगळं ठप्प, आणि आता सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात घ्यायचं काम, म्हणजे सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडलं की थेट हायवे. तिथल्या बाईकवाल्याला साखळीचोरापेक्षा कंटेनर आणि खड्डा जास्त धोक्याचा, पण 'प्रीमियम लोकेशन'च्या हिशोबात खड्डा धरत नाहीत. तसंच आमच्या बाजूला रेल्वे. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकणारी माणसं खाली पडली, त्याच दिवशी चार गेली. दिव्याला स्वस्त घर घेणाऱ्याने हेही त्या किमतीत धरावं, नऊच्या गाडीत चढता येतंय का ते घर बघायच्या आधी बघावं. दिव्याचं डंपिंग बंद झालं २०२३ मध्ये, ते चांगलंच झालं, गर्दी मात्र आहे तिथेच आहे. पाण्याचंही तेच, ठाण्यात वंदना टॉकीजच्या आसपास दर पावसाळ्यात पाणी भरतं आणि ती ठाण्यातली एकदम चांगली वस्ती, तेव्हा जुलैमध्ये एकदा जोराच्या पावसात जाऊन बघायला लाजू नका.

आणि कागद. याच्यावर तुम्ही लिहिता, पण अर्धवट. महारेरा (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण) नंबर बघा म्हणता, जाहिरातीवर क्यूआर कोड बघा म्हणता, बघितला. आधी नोंदलेल्या प्रोजेक्टांत ठाणे जिल्ह्याचा नंबर पी५१७०० ने आणि रायगडचा पी५२००० ने सुरू होतो, त्यामुळे खारघर-कामोठेच्या अशा प्रोजेक्टवर ठाण्याचा नंबर दिसला तर शंका घ्यावी एवढं तरी समजतं. पण कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून रेराचे नंबर मिळवलेल्या ६५ इमारती निघाल्या, नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने त्या पाडायला सांगितल्या, आणि त्यात घरं घेतलेल्या लोकांनी नंबर बघूनच घेतली होती हो, कर्जही झाली होती. म्हणजे रेराचा नंबर मिळाला म्हणून थांबायचं नाही, बांधकाम परवानगीचा कागद घेऊन महापालिकेच्या शहर विकास विभागात जाऊन तो त्यांच्याच रजिस्टरमधला आहे का ते बघायचं, ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र मागायचं, जुनी बिल्डिंग असेल तर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची सी-१ (अतिधोकादायक), सी-२ अशी यादी काढते तीत नाव शोधायचं. नवी म्हणजे मजबूत असंही नाही, बेलापूरच्या शहाबाज गावात २७ जुलै २०२४ ला पहाटे जी पडली ती जेमतेम दहा वर्षांची होती, तीन जण गेले. गावठाणात स्वस्त मिळतंय म्हणून घेणाऱ्यांनी हे विसरू नये. आमच्या भाच्याला एका ब्रोकरने असंच एक दाखवलं, ओसीचं विचारलं तर म्हणतो साहेब इथे कोणाकडेच नाही, सगळ्यांचं जे होईल ते तुमचं होईल. असा धीर!

आता माझं तुमच्याकडे मागणं, आणि पोलीस आयुक्तांकडेही, कारण ते तुमचा पेपर वाचत असतील. पहिलं, कुठल्याही गुन्ह्याच्या बातमीत पोलीस ठाण्याचं नाव पहिल्या दोन ओळींत घाला. पीडित व्यक्तीची ओळख जाईल असं काही नको, पण राबोडी की चितळसर की वर्तकनगर एवढं कळू दे. ठाणे हादरलं असं लिहिलं की आम्ही सगळेच हादरतो आणि कोणालाच काही कळत नाही. आणि मुंब्र्यात भांडण झालं तर हेडिंगमध्ये 'मुंब्र्यात', पण हिरानंदानीच्या बाजूला झालं तर 'उच्चभ्रू सोसायटीत', हा भेदभाव बंद करा, एकीकडे गावाचं नाव खराब होतं आणि दुसरीकडे रेट सांभाळले जातात. दुसरं, आरोपी पकडला, मुद्देमाल परत मिळाला याची बातमी त्याच जागी छापा, ती कधी सापडत नाही. ठाणे पोलीस परत मिळालेले दागिने-मोबाईल लोकांना देण्याचे कार्यक्रम करतात, त्याचा फोटो येतो पण कुठल्या भागातले ते नसतं.

तिसरं पोलिसांना. एफआयआर साईटवर आहेतच, मग त्यातूनच दर महिन्याला प्रत्येक ठाण्याचा एक छोटा तक्ता काढा, घरफोडी किती, साखळी किती, वाहनचोरी किती, अपघात किती, छेडछाडीच्या तक्रारी नुसता आकडा, नावं-गावं काही नको, आणि ११२ ला फोन केल्यावर गाडी सरासरी किती मिनिटांत आली ते. लोहमार्ग पोलिसांनी स्टेशननुसार तेच करावं. तुमचं गुपित काही बाहेर पडत नाही. बिल्डर लोक ओरडतील, ओरडू देत.

आणि तोवर तुम्ही निदान पुरवणीत एका कोपऱ्यात त्या आठवड्यात ज्या एरियाच्या जाहिराती छापता त्याच एरियाचं पोलीस ठाणं, जवळचं फायर स्टेशन आणि रात्रीची शेवटची बस किती वाजता एवढं द्या. भाचा आणि भाचेसून अजून ठरवतायत, कोपरखैरणे की आमच्या कळव्यालाच पारसिकनगर, तिचा कल पारसिकनगरकडे आहे कारण स्टेशनपासूनच्या रस्त्याला रात्री दुकानं उघडी असतात, त्याचं म्हणणं कोपरखैरणेहून नोकरीचं ऑफिस जवळ. पुढच्या महिन्यात टोकन द्यायचंय, तेव्हा जरा लवकर छापलंत तर आमच्याही उपयोगी पडेल. जागा नसेल तर स्विमिंग पूलचा फोटो थोडा लहान करा.

आपली एक जुनी वाचक,
खारेगाव, कळवा